तांब्यावरची गल्ली

अमेरिकेत, रेडमंडच्या या मुलाच्या घरात हॉलच्या भिंतीवर एक खिळा आहे. त्याच्यावर आधी बायकोनं काढलेलं चित्र होतं. आता नुसता खिळा आहे, आणि येणारे जाणारे विचारतात, "काका, चित्र कुठे गेलं?" मुलगा काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. मी खरं काय ते लिहून ठेवतो. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यामुळे सजवून लिहिणं जमणार नाही.

मिरजेत आमची गल्ली होती. गल्लीत माझं सायकलचं दुकान आणि दुकानावर आमच्या दोन खोल्या. एक दिवस महापालिकेची माणसं आली, भिंतीवर लाल रंगाची रेघ ओढून गेली. रेघेच्या अलीकडचं जाणार, रस्ता रुंद होणार. रेघेच्या अलीकडे आमचं सगळंच होतं. मुलगा फोनवर म्हणाला, "बरंच झालं बाबा, इकडे या आता." बरंच झालं! घर पडलं त्याचं बरं झालं म्हणणारा मुलगा मीच वाढवला, तर कुणाला बोलायचं?

इथे पाऊस आणि काचा. मुलगा-सून सकाळीच ऑफिसला, नात शाळेला. ती माझ्याशी बोलते ते "हाय आबा, बाय आबा", एवढंच. मी खिडकीशी बसून राहायचो. बायको तशी बसणारी नव्हती. बसनं जाता येईल असं म्हाताऱ्यांचं एक सेंटर तिनं शोधून काढलं. तिथे एक पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई तांब्याच्या पत्र्यावर चित्र काढायला शिकवायची. पत्र्याला मेणासारखं काळं लावायचं, त्यात सुईनं ओरखडायचं, मग औषधात बुडवायचं. ओरखडलं असेल तिथेच औषध तांबं खातं. त्या खाचेत शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून छाप काढायचा.

त्या बाईनं एका फ्रेंच माणसाची चित्रं दाखवली आणि माझी बायको त्या माणसाच्या नादाला लागली. जेवताना तो, चहाला तो.

"अहो, त्याला रंग दिसायचे नाहीत. लाल-हिरवं सगळं एकच. म्हणून नुसतं काळं-पांढरं काढायचा."

"मग?"

"मग काय! तुम्हाला तरी कुठे दिसतात? माझ्या सगळ्या साड्या सारख्याच म्हणता."

आधी तो आरमारात होता म्हणे. जगभर फिरला आणि परत येऊन पॅरिसच्या जुन्या गल्ल्या, पूल, चर्चचे मनोरे तांब्यावर ओरखडत बसला. का, तर सरकार ते पाडणार होतं. मोठे रस्ते काढायचे होते. हे ऐकलं तेव्हा मी ताटावरून मान वर केली. पुस्तकातली त्याची चित्रं तिनं मला दाखवली. एकेक वीट काढलीय, एकेक खिडकी. धूरसुद्धा मोजून काढल्यासारखा. पण माणसं मुंगीएवढी, आणि सगळीकडे एक काळोख, जणू घरांनाच कळलंय काय होणार ते. विकत कुणी घेत नव्हतं. पुढे डोकं फिरलं. छापलेल्या पत्र्यावरच्या आभाळात पक्षी नाहीतर घोडे, जहाजं, असलं काय काय घुसडायला लागला. काही पत्रे त्यानं स्वतःच्या हातानं खराब करून टाकले. शेवटी वेड्यांच्या इस्पितळात जेवण सोडून मेला.

"असल्या माणसाचं काय कौतुक?" मी म्हणालो.

"त्यानं गल्ली ठेवली," ती म्हणाली. "तुम्ही काय ठेवलंत? चाकाचा पंप?"

पंप मी खरंच आणला होता. बॅगेत घालून.

मग तिनं आमची गल्ली काढली. चौकातून आत बघावं तशी. डाव्या हाताला आमचं दुकान, वर खिडकी, टांगलेली रिम. उजव्या हाताला पिठाची गिरणी, बाहेर दळणाच्या डब्यांची रांग. बाई म्हणाली, आभाळात काहीतरी घाल. ही म्हणाली, आमच्या गल्लीला आभाळ नव्हतं, वायरी होत्या. वायरी घातल्या.

चूक एकच झाली. पत्र्यावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं. बाईनं सुरुवातीलाच सांगितलं असणार, इंग्रजीत. हिनं मान डोलावली असणार. पहिला छाप घरी घेऊन आली, माझ्यापुढे धरला आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"अहो, आपण गिरणीवाल्याकडे राहायला गेलो!"

दुकान उजवीकडे, गिरणी डावीकडे. पाटीवर अक्षरं काढली नव्हती, म्हणून दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं. दुसरा पत्रा घे म्हणून बाईनं सांगून पाहिलं. तुझा तो फ्रेंच आरसा लावून उलटं काढायचा म्हणे, तसं कर, मीही म्हणालो. तिनं ऐकलं नाही. "घर डाव्या हातालाच आहे. उजव्या हाताला मला काढता येत नाही."

पुढे तिला कॅन्सर निघाला. शेवटी शेवटी घास उतरेना. मी चमचा पुढे केला की मान फिरवायची. "माझ्या फ्रेंचासारखं झालं बघा," म्हणाली. मला हसू आलं नाही. त्याचं नाव काढलेलं मला तेव्हाही आवडलं नव्हतं, आताही आवडत नाही.

ती गेल्यावर मुलानं तो छाप मोठ्या फ्रेममध्ये घालून हॉलमध्ये लावला. शनिवारी पाहुणे आले की त्यांना समोर उभं करायचा. "आईनं काढलंय. हे आमचं घर." बोट डावीकडे. घर चौकातून डाव्या हाताला, एवढंच त्याच्या लक्षात राहिलेलं. "आणि या आईच्या कुंड्या." कुंड्या! दळणाचे डबे ते. पाहुणे म्हणायचे, वा, किती सुंदर. सुनेच्या डोळ्यांत पाणी. मी सोफ्यावर बसून बघायचो. बारावीपर्यंत ज्या घरात जेवला, ते घर ओळखू येत नाही, तर मी का सांगू?

मग सेंटरवरून फोन आला. बाई तिच्या चित्राच्या ठरावीक प्रती काढणार होती, नातेवाइकांना आणि एक प्रदर्शनाला. मुलगा खूश. मला गाडीत घातलं. वाटेत सहज सांगितलं, "प्रती निघाल्या की प्लेटवर एक रेघ मारतात बाबा. कॅन्सल करतात. म्हणजे पुढे कुणी छापू नये. तशी पद्धतच आहे."

मी म्हणालो, "पत्रा मला हवाय."

"मिळेल की. रेघ मारून मिळेल."

"तसा नको."

"बाबा, प्लीज, तिथे सीन करू नका."

तिथे टेबलावर पत्रा होता. तिच्या हातचा. बाजूला प्रती वाळत घातलेल्या. बाईनं अणकुचीदार हत्यार मुलापुढे धरलं, घरच्या माणसानं रेघ मारावी म्हणून. भली बाई आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मुलानं हत्यार घेतलं. मी पत्रा उचलून छातीशी धरला.

"बाबा, एकच रेघ आहे."

"महापालिकेनंही एकच मारली होती."

तो लाल झाला. बाई काय झालं म्हणून विचारत होती, तो तिला "सॉरी, सॉरी" करत होता. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाला, "रेघ मारली नाही तर आईचं चित्र प्रदर्शनात लागणार नाही. आईचं नाव लागणार नाही. चालेल तुम्हाला? आणि चित्र घरी आहेच की, पत्रा कशाला हवाय?"

"दाखव," मी म्हणालो. "या कागदावर आपलं घर दाखव."

त्यानं दाखवलं. डावीकडे. मी पत्रा त्या कागदाशेजारी ठेवला.

"तू दाखवतोस ती गिरणी. ते डबे दळणाचे. गल्ली सुलटी आहे ती एवढ्या पत्र्यावर. मिरजेतही नाही, तुझ्या भिंतीवरही नाही. मार आता रेघ."

तो बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. हत्यार टेबलावर ठेवलं आणि बाईला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली आणि प्रदर्शनाची प्रत बाजूला काढून ठेवली. नियम तो नियम.

घरी आल्यावर त्यानं फ्रेम काढून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. सून म्हणाली, "बाबा, आईंचं नाव आलं असतं हो." आलं असतं. त्या फ्रेंचाचंही आलं म्हणे, मेल्यावर. त्याला काय त्याचं?

पत्रा माझ्या उशाशी आहे. खाचांत अजून शाई आहे, बोट फिरवलं की काळं होतं.

परवा सकाळी मुलगा कॉफीचा मग घेऊन खोलीत आला. ऑफिसचं कार्ड गळ्यात. पत्रा उचलून खिडकीशी नेला, तिरका धरून बघत राहिला.

"बाबा, दुकानात तुम्ही कुठे बसायचात?"

"शोध," मी म्हणालो.

त्यानं कॉफीचा मग खाली ठेवला आणि पत्रा घेऊन माझ्या पलंगावर बसला.