गोठ्यातला जनरेटर कोण बंद करत होतं?

आमच्या भोरच्या घरासमोर पिंपळ आहे आणि मी रोज त्याच्याखाली बिनधास्त स्कूटी लावते. सांगायचा मुद्दा, मी भूतबित मानणारी बाई नाही. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी तोंडावर हसते... म्हणून हे लिहिताना जरा लाज वाटतेय. हसा खुशाल.

माझं सासर वेल्हे तालुक्यात, पासलीला. सासूबाई तिथंच राहतात. छातीचं दुखणं, त्यामुळे ऑक्सिजनची मशीन दिवसभर लागते. कोकणात चक्रीवादळ येणार आणि घाट चढून आमच्याकडेही येणार असं कळलं, तेव्हा आमचं पहिलं टेन्शन हेच – लाईट गेली तर आईंचं काय? भोरला चला म्हणून आम्ही हातापाया पडलो, पण त्या ऐकतील तर शपथ. शेवटी ह्यांनी ओळखीच्या मंडपवाल्याचा पेट्रोलचा जनरेटर टेम्पोत घातला आणि आम्हीच पासलीला गेलो.

ह्यांनी पत्रे तारेनं आवळले, वर दगड ठेवले. मी पाणी भरलं, मोबाईल चार्ज केले. जनरेटर पावसात भिजू नये म्हणून गोठ्यात ठेवला. गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता. तो घराच्याच छपराखाली, मधे नुसती कुडाची भिंत आणि भिंतीपलीकडे आईंची कॉट. गोठ्याच्या बाहेरच्या दाराला आतून कडी घातली, फटींमध्ये पोती कोंबली. किती हुशार आम्ही!

सकाळीच लाईट गेली. वारा असा सुटला की बोललेलं ऐकू येईना. जनरेटर मात्र झकास चालू झाला.

थोड्या वेळानं इंजिन खोकल्यासारखं झालं आणि बंद पडलं. गोठ्यात जाऊन बघते तर पेट्रोलचा कॉक बंद, स्विचही बंद. मला वाटलं, ह्यांचाच उद्योग. पण हे बाहेर ओटीवर, सुटलेला पत्रा धरून उभे. म्हणाले, मी कशाला हात लावू? मी कॉक उघडला, दोरी ओढली, चालू केला. परत तेच. खोकला, बंद. परत कॉक आणि स्विच दोन्ही बंद.

इथं आमच्या आबांबद्दल, म्हणजे सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. ते जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ओढ्यावरचा पाण्याचा पंप बंद करायची त्यांची एक पद्धत होती. आधी कॉक बंद करायचा, इंजिनला उरलेलं पेट्रोल पिऊ द्यायचं, ते खोकत खोकत थांबलं की मग स्विच. पेट्रोल आत राहिलं की कचरा धरतं म्हणायचे. घरात दुसरं कोणीच एवढा खटाटोप करत नाही, आमचे हे तर सरळ स्विच मारतात. आबा भारी जीव लावायचे मला. मी तिखट बोलले की म्हणायचे, आमच्या सुनंला मिरचीचं दुकान टाकून द्या.

तिसऱ्या वेळी चालू करून मी गोठ्याच्या आतल्या दारातच उभी राहिले. माझं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. वाटलं, काळजीनं होतंय. आईंकडे वळून बघितलं, त्या ग्लानीत होत्या. तेवढ्यात मागं इंजिन खोकलं. दोन पावलांवर गोठा. आत कोणी नाही, बाहेरच्या दाराची कडी तशीच. आणि कॉक बंद, स्विच बंद.

माझं टाळकंच सरकलं. मी रिकाम्या गोठ्यात ओरडले, "आबा, आईंचा जीव जाईल! बास करा आता!"

माझा आवाज ऐकून हे धावत आत आले आणि दारातच थबकले. "शुभा, अगं केवढा धूर कोंडलाय! आईला बाहेर घे आधी."

आईंना दोघांनी उचलून ओटीवर आणलं. वाऱ्यात बसवल्यावर त्यांनी हळूहळू डोळे उघडले. मी मात्र भडाभडा ओकले. मग जनरेटर बाहेर काढून वाऱ्याच्या आडोशाला, घरापासून लांब ठेवला. तिथं तो लाईट येईपर्यंत चालला. एकदाही बंद पडला नाही.

नंतर डॉक्टरांनी आम्हा दोघांना झाप झाप झापलं. त्या धुरात विषारी गॅस असतो, वास येत नाही, माणूस झोपेतच जातो. जनरेटर सलग चालला असता तर आई गेल्याच असत्या, म्हणाले.

मंडपवाला म्हणतो, थरथरीनं कॉक फिरतो कधी कधी. बरं, मानलं. पण स्विच? तोही दर वेळी? हे म्हणतात, गॅसमुळे तुला भास झाले असतील. असतीलही. पण इंजिन बंद पडत होतं ते ह्यांनीही ऐकलंय. खरंच सांगते, मला आजही काही उलगडा झालेला नाही.

आईंना हे सांगू नये असं आमचं ठरलं होतं, उगाच घाबरतील. पण माझ्या पोटात काही राहत नाही. दिवाळीत करंज्या करताना सांगून टाकलं. त्या घाबरल्या नाहीत. लाटणं बाजूला ठेवलं आणि गोठ्याकडे बघितलं. मग डोळ्यांना पदर लावला.

"गोठ्यापतुर आलं," त्या म्हणाल्या, "मग दोन पावलं आत येऊन मला भेटायला काय झालं व्हतं त्यान्ला?"