ताश्कंदचा सवार

त्या वर्षी आमचा घोडेस्वारांचा ट्रूप अकोल्यात होता. ड्यूटी एकच, अमरावतीहून येणाऱ्या कापसाच्या गाड्यांना एस्कॉर्ट. अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता. लढाई संपली तरी रस्त्यावर गाड्यांची रीघ होती.

युसुफ बेग माझ्या शेजारी चाले. घोड्यांच्या सौदागरांबरोबर तो ताश्कंदहून आला आणि रिसाल्यात राहिला. ताश्कंद तेव्हा कोकंदच्या खानाच्या राज्यात होतं. त्या मुलखाचा इतिहास मी त्याच्याच तोंडून ऐकला. गादीसाठी भाऊबंद भांडत, बुखाऱ्याचा अमीर मधूनच चढाई करी, आणि उत्तरेकडून रशिया एकेक किल्ला घेत येई. अमरावतीहून गाड्या निघायच्या आदल्या दिवशी त्याला बातमी कळली. रशियाच्या फौजेने आधी ताश्कंदचं पाणी तोडलं, मग शहर घेतलं. त्याची आई शहरातच होती. त्याने रजा मागितली. कॅप्टनसाहेब म्हणाले, "गाड्या पोचव, मग जा."

वाटेत एका सकाळी दहाला, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, तिसऱ्या गाडीतल्या कापसाच्या गाठींतून धूर दिसला.

"हॉल्ट!" दफादार ओरडले.

"म्या चिलीम नाई वढली जी," गाडीवान गणपत म्हणाला.

"तुले कोन इचारलं? बैल सोड!" दफादार म्हणाले.

युसुफने घोडा पुढे घातला. "गाठ मत खोलो! अंदर आग है. हवा मिली तो भडकेगी."

आमच्याकडे कडब्याची गंजी तापली की ती फोडून मोकळी करतात. मला तेवढंच ठाऊक.

"वऱ्हाडाले कापूस शिकवून राहिला का, बेग?" मी म्हणालो आणि गाठीचा दोर कापला.

जाळ एकदम वर आला. बैल उधळले, गाडी कलंडली, गणपत जुवाखाली अडकला. युसुफ घोंगडी घेऊन आत शिरला. त्याने गणपतला बाहेर ढकललं. तेवढ्यात वरच्या जळत्या गाठी त्याच्यावर आल्या. आम्ही त्याला ओढून काढलं, पण अकोल्याला पोचेपर्यंत तो गेला.

जुन्या शहरातल्या लोकांनी त्याला आपल्या कबरस्तानात जागा दिली. गणपतने खांदा दिला.

आमच्या घराण्यात शाळेत गेलेला मीच पहिला. मास्तरांच्या कृपेने अक्षर बरं होतं, म्हणून मयताची नोंद साहेबांनी मला करायला सांगितली.

"मुलुख?"

"कोकंद, साहेब."

"ताश्कंद आता रशियाचं आहे."

"तो कोकंदचा होता, साहेब."

साहेबांनी दौत माझ्याकडे सरकवली. "लिही."

फारसी मला येत नव्हती. त्याच्या आईला पत्र मी मुन्शीकडून लिहवून घेतलं. दोर कोणी कापला हे मी सांगितलं, तेव्हा मुन्शीने कागदावरून कलम उचलली.

"हे कशाला? तिला काय कळणार?"

"लिहा," मी म्हणालो. "खाली माझं नाव घाला."