फिटरच्या मापाची बग्गी

फिटर गेला तेव्हा त्याची बायको रडली नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारणींनी वाट पाहिली, पाण्याचे पेले भरून हाताशी ठेवले आणि शेवटी आपापलं रडून घरी गेल्या. आठवड्याच्या आत ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामावर हजर. चादरी येत होत्या, ती घड्या घालत होती. दात उपटताना सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही ना, तसं तिचं आतून सगळंच झालं होतं. चावा घेतला तरी कळू नये.

आता मुलगा न्यायला आला होता. त्याचं घर दूरच्या शहरात, वरच्या मजल्यावर. "आई, इथं एकटी भिंतींशी बोलणार का? चल." तिला जायचंही नव्हतं आणि राहायचंही नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलून गेली, "आधी तुझ्या बाबांची बग्गी मार्गी लावते. मग येते." झालं! मुलानं ते वाक्य घट्ट धरलं. बग्गी गेली की घराला कुलूप.

बग्गी म्हणजे घोड्याची नव्हे. तीन जाडजूड चाकं, मध्ये झोळीसारखी बैठक, बूड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. माणूस पाय पुढे पसरून बसतो, पुढचं चाक पावलांनी वळवतो, आणि हातातला खोलीएवढा पतंग त्याला ओल्या वाळूवरून ओढत सुटतो. बस डेपोत काम करणाऱ्या फिटरनं ती भंगारातल्या नळ्या जोडून स्वतः केली होती. सुट्टीच्या दिवशी तो वाऱ्यावर पळायचा आणि बायको सामान वाहायची.

"वारा फुकट मिळतो बघ," तो म्हणायचा.

"हो, आणि हमालसुद्धा," ती म्हणायची.

किनाऱ्यावर जायला मुलगा भाड्याची गाडी घेऊन आला. बग्गी डिकीत जाईना. त्यानं ती आडवी घातली, उभी घातली, मग शिवी घातली. आई पायरीवर बसून बघत होती.

"चाकं काढ आधी," ती म्हणाली.

"मग सांगायचं ना मघाशी!"

"तू एवढा रंगात आला होतास, म्हटलं कशाला मध्ये बोला."

चाकं डिकीत गेली, सांगाडा टपावर चढला. मुलानं मारलेली गाठ तिनं सोडली आणि पुन्हा बांधली. मग बाकीचं वऱ्हाड निघालं: पतंगांच्या दोन पिशव्या, हेल्मेट, कमरेचा रुंद पट्टा, चाकांचा पंप, उतरवलेला पतंग अडकवून ठेवायचा लोखंडी खुंटा. पतंगांच्या घड्या तिच्याच हातच्या, चादरीसारख्या काठाला काठ. दोऱ्या मात्र फिटर स्वतः गुंडाळायचा, हातात धरायच्या दोन्ही हँडलांवर आळीपाळीनं. तसं नाही केलं तर अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो आणि उरलेला एकमेकांवर खेकसण्यात. वाटेत मुलगा नव्या घराबद्दल सांगत होता. खिडकीतून बाग दिसते म्हणाला. ती "बरं" म्हणाली. बाजूला मोठं दुकान आहे म्हणाला. तेही बरं.

गाड्या लावायच्या जागेपासून पाण्यापर्यंत नुसती भुसभुशीत वाळू. मुलानं दोन्ही खांद्यांवर पिशव्या टाकल्या, बगलेत पंप मारला आणि पाचपन्नास पावलांत त्याच्या नाकी नऊ आले.

"अरे, हातगाडी जवळ असताना ओझं डोक्यावर कोण घेतं?" ती म्हणाली. "चाकं लाव, थोडी हवा काढ म्हणजे रुतायची नाहीत. सामान सगळं बैठकीत टाक आणि ओढ तिलाच."

तो ओढू लागला. ती मागून ढकलत होती. हात बरोबर तिथंच पडत होते जिथं नेहमी पडायचे, पण हातांना त्याचं काही नव्हतं.

पाण्याजवळ शिडीमास्तर उभे होते. शाळेत खेळ शिकवणारे, फिटरचे नेहमीचे जोडीदार. उंचीमुळे किनाऱ्यावर सगळे त्यांना शिडी म्हणायचे आणि तेही ओ द्यायचे. बग्गी त्यांना द्यायची ठरली होती.

"वहिनी, नीट विचार केलात ना?"

"घेऊन जा हो. पडून गंजेल नुसती." रद्दी द्यावी तसं म्हणाली.

मास्तर बसले. आणि त्यांचे गुडघे वर आले ते थेट कानांच्या शेजारी.

"अगं बाई! हे तर नाकतोड्याचं बाळंतपण झालं," मास्तर स्वतःच म्हणाले. मुलगा खो-खो हसला. हसण्यासारखं होतं, हे तिलाही कळलं. हसू मात्र आलं नाही.

"फिटरनं कधी बसूच दिलं नाही कुणाला," मास्तर पाय सोडवत म्हणाले. "म्हणायचा, चप्पल आणि बग्गी ज्याची त्याची. बुटका होता, पण केवढा ताठा!"

पुढची नळी दुसरीत सरकवून लांब करता यायची. मध्ये एक बोल्ट होता, तो सोडला की काम झालं. पण खाऱ्या हवेनं बोल्ट, नळी, सगळं एकजीव झालेलं. मास्तरांनी आपली अवजारांची पेटी उघडली, तेल सोडलं. पान्हा घसरून मुलाची बोटं सोलली. हातोडी मारून झाली. बोल्ट ढिम्म.

"कापावी लागेल," मास्तर म्हणाले. "इथून उडवतो आणि लांब नळी जोडून घेतो. वेल्डिंगवाला ओळखीचा आहे." त्यांनी पेटीतून करवत काढली आणि खिळ्यानं नळीवर रेघ ओढली.

ती वाकून बघू लागली. बैठकीपासून पाय टेकायच्या दांडीपर्यंत फिटरचा एक पाय होता, ना बोटभर जास्त, ना कमी. दुकानातली कुठलीच पँट त्याला कधी बरोबर झाली नव्हती. प्रत्येक नवी पँट तिनं याच मापानं आखूड करून शिवली होती. मास्तरांची रेघ मांडीच्या मध्यावर आली होती.

"कापू नका," ती म्हणाली.

वाऱ्यात ऐकू गेलं नाही. करवत नळीला टेकली.

"मास्तर, कापू नका म्हणते ना!"

मास्तरांची करवत थांबली. "वहिनी, मग मी बसू कसा?"

"बसू नका."

मास्तरांनी करवत पुसली, पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावायला उगाचच वेळ लावला.

"आई, तूच म्हणाली होतीस ना, ही द्यायची म्हणून?" मुलगा म्हणाला.

"म्हणाले होते."

"मग आता?"

"आणली तशी न्यायची."

त्यानं सोललेली बोटं तोंडात धरली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे तू येत नाहीस."

तिनं आत चाचपून बघितलं. रडू नव्हतं, आनंद नव्हता, नवऱ्याची आठवणसुद्धा नीटशी नव्हती. एक नकार तेवढा होता, चपलेतल्या खड्यासारखा. तो टोचत होता.

"नाही येत," ती म्हणाली. "चल, ओढ आता. घरी गेल्यावर चाकं गोड्या पाण्यानं धुवावी लागतील. वाळू बेअरिंग खाते."

"अगं पण कशाला? चालवणार कोण आहे?"

"ते मला काय विचारतोस? तू धर तिकडून."

त्यानं एकदा मास्तरांकडे बघितलं. मास्तर समुद्राकडे बघत होते. मग तो वाकला आणि त्यानं पलीकडची बाजू धरली.