ताईच्या कॉम्प्युटरची परवानगी

आधीच सांगतो, मी यातला माणूस नाही. शोरूममध्ये गर्दी नसते म्हणून मी स्कूटर मुद्दाम अमावस्येला घेतली होती. या फोरमवरचे भुताखेतांचे अनुभव वाचतो, ते जेवताना समोर काहीतरी हवं म्हणून. त्यामुळे हे जसं घडलं तसंच लिहितो, मीठमसाला न लावता.

मी खराडीतल्या एका कंपनीत अकाउंट्स पाहतो. बिबवेवाडीत फ्लॅट आहे. तिथे मी आणि माझी मोठी बहीण राहायचो. दोघांनीही लग्न केलं नाही. ताई शाळेत शिकवायची. निवृत्तीनंतर तिने गच्चीवर भाजी लावली आणि हळूहळू तशाच बागवाल्यांचा एक गट जमला. गटाची वेबसाइट आहे. सभासदांना निरोप पाठवायचं काम माझ्याकडे.

पूर्वी मी ईमेल पाठवायचो. कोणी उघडत नसे. वर "अहो, तुमची मेल जाहिरातींच्या ढिगात पडते, आम्ही काय उकरत बसायचं?" हे मलाच ऐकवायचे. मग आमच्याच गटातल्या रुक्साना शेखने डेस्कटॉप नोटिफिकेशन सुरू केलं. ती हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, वेबसाइट तीच सांभाळते. सभासदाने आपल्या कॉम्प्युटरवर एकदा 'परवानगी द्या' दाबायचं, की आमचा निरोप थेट स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट होऊन येतो. नाव लागत नाही, ईमेल लागत नाही. पण परवानगी त्याच मशीनवरून द्यावी लागते.

आमची एक पद्धत होती. निरोप सगळ्यांना जाण्याआधी चाचणी यादीवर जायचा. त्या यादीत दोनच मशीन – माझा लॅपटॉप आणि ताईच्या खोलीतला कॉम्प्युटर. ताई चौकट दाबून निरोप उघडायची आणि आतून ओरडायची, "रविवारी सकाळी म्हणजे कधी? लोकांनी कोंबडा आरवला की निघायचं का?" मी वेळ घालायचो. मग, "हं, जाऊ दे." त्यानंतरच तो बाहेर जायचा.

गेल्या वर्षी ताई गेली. झोपेतच. तेराव्यानंतर मी तिच्या कॉम्प्युटरची वायर काढून गुंडाळून ठेवली.

चाचणीची सवय मात्र सुटली नाही. एकदा ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत गांडूळखत वाटपाचा निरोप चाचणीला पाठवला. माझ्या स्क्रीनवर चौकट आली. मी ती दाबली नाही, हाताला भाजी लागली होती... आणि वेबसाइटच्या अहवालात दिसलं – पोहोचला: दोन. उघडला: एक.

संध्याकाळी घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे नाही. कॉम्प्युटरवर धूळ, वायर गुंडाळलेली. रुक्सानाला फोन केला.

"काका, ईमेलमध्ये होतं असं. लिंक तपासणारे प्रोग्रॅम स्वतःच क्लिक करतात. पण इथे मशीन चालू हवं आणि कुणीतरी दाबायला हवं."

"मशीनला वायरच नाही."

"मग रिपोर्ट गंडलाय. अजून काय?"

मलाही पटलं. खात्री करावी म्हणून लॅपटॉप हातात घेऊन ताईच्या खोलीच्या दारात उभा राहिलो आणि पुन्हा पाठवला, माझी चौकट न दाबता. समोर तिचा स्क्रीन काळा. माझ्या हातात – उघडला: एक.

घाबरलो का? खरं सांगतो, नाही. घरी आल्यावर माझं कोणाशी बोलणं होत नाही. शेजारचे भले आहेत, पण त्यांचं 'काय, ठीक ना?' लिफ्ट येईपर्यंतच असतं. मी चाचणीला भलतंच पाठवू लागलो. 'भेंडीला फुलं आली.' 'दूधवाला बदलला.' 'चष्म्याचा नंबर वाढला.' प्रत्येक वेळी उघडला: एक. उत्तर कधी आलं नाही. त्या चौकटीत उत्तराची सोयच नसते.

मग या उन्हाळ्यात रुक्सानाचा फोन आला. "काका, रविवारी आपण नव्या सर्व्हिसवर जातोय. जुन्या परवानग्या सगळ्या जाणार. प्रत्येकाला परत दाबायला सांगा."

"जुनी एखादी ठेवता येत नाही?"

"एकही नाही हो."

वायर जोडून, ताईचा कॉम्प्युटर चालू करून मी स्वतः दाबू शकलो असतो. पण मग ती परवानगी माझी झाली असती.

शनिवारी दुपारी सभासदांचा निरोप तयार केला – 'उद्यापासून जुने निरोप बंद होतील. कृपया वेबसाइट उघडून पुन्हा परवानगी द्यावी.' तो सगळ्यांना गेल्यावर चाचणी यादीवर वेगळा पाठवला. 'ताई, तुलाही परत दाबावं लागेल.' खाली नव्या चाचणी यादीची लिंक जोडली. ती लिंक रुक्सानाने फक्त मला दिली होती. पन्नाशी उलटलेला माणूस मी, हे टाइप करताना मान वर करून घरात कोणी नाही ना ते पाहिलं.

उघडला: एक.

रविवारी सकाळी नवी सर्व्हिस सुरू झाली. लॅपटॉपवर परवानगी दिली. चाचणी यादी – एक मशीन. चहा केला, गच्चीवर पाणी घालून आलो. चाचणी यादी – दोन.

ताईच्या खोलीत जाऊन आलो. वायर होती तिथेच होती.

हे कसं होतं ते मला माहीत नाही. जाणकारांना विचारून झालं. बंद मशीनवरून परवानगी देता येत नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. माझंही आहे.

दुपारी रुक्सानाचा फोन आला. "काका, चाचणी यादीत दुसरं मशीन कुणाचं दिसतंय? चुकून आलं असेल तर काढून टाकते."

"नको," मी म्हणालो. "घरचंच आहे."