राजा पहिल्या गाण्यात मरतो

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात कापडी पिशव्या साठतात तसे ते साठतात. आणल्या कुणी ते आठवत नाही आणि टाकवत तर मुळीच नाहीत. आमच्या बालनाट्याच्या मंडळींत एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा त्याचं बोट धरून येतोच. परवा कुणीतरी म्हणालं, "शुभा, लिहून ठेव गं हे सगळं." मी म्हटलं, लिहिते, पण मग माझी बढाई ऐकून घ्यावी लागेल. या पोरांबद्दल मला नम्रपणे बोलता येत नाही.

आम्ही म्हणजे भोपाळच्या नेहरू नगरातली वीसेक मराठी मुलं, चार-पाच आया, एक पेटी आणि मी. नाटक मी लिहिते, चाली मी लावते आणि रागावतेही मीच. काही वर्षांपूर्वी दोन राजकन्यांचा, सख्ख्या बहिणींचा, गाण्यांनी भरलेला एक कार्टून सिनेमा येऊन गेला. मुलांनी तो इतक्या वेळा पाहिला की तेव्हापासून आमच्या प्रत्येक नाटकात दोन राजकन्या असतातच. मध्ये एकदा मी कोल्ह्याची गोष्ट सुचवून पाहिली. "मावशी, कोल्ह्याला बहीण आहे का?" एवढंच विचारलं त्यांनी. विषय संपला.

अशा गोष्टींचे नियम मुलांनीच शोधून काढले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे स्केचपेननं लिहून भिंतीला लावले. मोठी राजकन्या रागीट, धाकटी बडबडी. मोठीला एक मोठं गाणं, एकटीनं, उंचावर उभं राहून. फार गोड बोलणाऱ्या राजपुत्रावर लक्ष ठेवणे. एक प्राणी विनोदी पाहिजे. शेवटी बहिणीच एकमेकींना वाचवतात. आणि सगळ्यांत वर, नियम पहिला: राजा पहिल्या गाण्यात मरतो.

हा राजा म्हणजे आमचे नाना. कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले, वय त्र्याहत्तर, अकरा वर्षं सलग राजा. यंदा उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली. नाना यंदा राजा होणार की नाही, याचा घोर सगळ्या पोरांना लागला आणि नानांना सगळ्यांत जास्त. तिथवर येतेच मी. पण आधी नाना मरायचे कसे, ते ऐका.

*

नाना दर वर्षी वेगळ्या तऱ्हेनं मरायचे. एकदा विष, एकदा बाण, एकदा जहाज बुडालं तेव्हा नाना स्टेजभर पोहत पोहत विंगेपर्यंत गेले आणि मग बुडाले. त्यानंतर मागे जाऊन पडद्याची दोरी सांभाळायचे, कारण मेलेल्या राजाला पुढे काही काम नसतं.

बाणाच्या वर्षी तर कहर झाला. नाना इतके रंगून मेले की लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून नाना उठले, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा पहिल्यापासून मरायला लागले. शेजारी राणी झालेली मुलगी केव्हाची मरून पडलेली. तिनं एक डोळा उघडला आणि हळूच म्हणाली, "नाना, आटपा ना. माझ्या पायाला मुंग्या आल्यात."

*

आमच्याकडे राजपुत्र व्हायला कुणी तयार नसतं. शेवटी तो बिनकामाचा ठरतो हे मुलग्यांना पाठ झालंय. सगळ्यांना विनोदी प्राणी व्हायचं असतं. एका वर्षी नऊ मुलगे आले आणि नऊच्या नऊ जणांना बदक हवं होतं. निवड झाली अथर्वची, कारण बाकीचे बदकासारखे चालत होते आणि हा बदकासारखा बघत होता.

घरात अथर्व अगदी शुद्ध मराठी बोलतो. स्टेजवर मात्र त्यानं बदकाला अस्सल भोपाळी करून टाकलं. राजकन्या रडत रडत तलावाकाठी येते आणि हे बदक मान वाकडी करून विचारतं, "को खाँ, किधर को जा रिये हो?" हॉल डोक्यावर घेतला लोकांनी.

नाटक संपल्यावर पुण्याहून आलेल्या एक पाहुण्या बाई मला भेटल्या. म्हणाल्या, "बाकी छान आहे हो, पण मराठी नाटकात बदक असं कसं बोलतं?" मी तोंड उघडायच्या आत अथर्व चोच काढून म्हणाला, "काकू, बदक इथल्या तलावातलं आहे. पुण्याचं असतं तर बोललंच नसतं."

बाई मनापासून हसल्या. मी त्या दिवशी बिट्टन मार्केटात जाऊन अथर्वला दोन कुल्फ्या खाऊ घातल्या.

*

मोठ्या राजकन्येचं मोठं गाणं म्हणजे आमच्याकडे सईचं. सई आता तेरा वर्षांची आहे. डोंगर म्हणजे तीन घरांची डायनिंग टेबलं आणि त्यांच्यावर पांढऱ्या चादरी. गाण्याच्या ऐन भरात तिथं उभं राहून तिनं केस मोकळे सोडायचे आणि दोन्ही हात पसरायचे, असं कॅलेंडरवर स्पष्ट लिहिलंय.

दोन वर्षांपूर्वी ती हात पसरणार एवढ्यात लाइट गेली. माइक बंद, रेकॉर्ड केलेलं संगीत बंद, पंखे बंद. मी पेटीवर सूर धरला आणि मनात म्हटलं, गेलं आता. पण सई थांबली नाही. अंधारात, टेबलावर उभी राहून तिनं अख्खं गाणं नुसत्या गळ्यावर म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू आला. पाच वर्षं त्या पोरीला मी "तोंड उघडून गा" म्हणून ओरडत होते, ते तिनं एका फटक्यात फेडलं.

गाणं संपलं आणि लाइट आली. तसं संगीत आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. सई शहाणी, तिनं तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. पहिल्या रांगेत तिची आजी बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "अंधारातलं बरं झालं होतं."

*

आता यंदाचं.

नाना दवाखान्यातून घरी आले आणि महिन्याभरात तालमीला यायला निघाले. माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, दारातच अडवलं. प्रकरण डॉक्टरांपर्यंत गेलं. नानांनी त्यांना सरळ विचारलं, "डॉक्टरसाहब, स्टेज पर मर सकता हूँ क्या?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "दादा, फिलहाल मरना-वरना सब बंद रखिए." मग त्यांनी यादीच दिली: पडायचं नाही, धावायचं नाही, जिने चढायचे नाहीत. आमच्या हॉलच्या स्टेजला सात पायऱ्या आहेत.

नाना उतरलेल्या चेहऱ्यानं तालमीला आले आणि म्हणाले, "दुसरा राजा बघा रे." अकरा वर्षं या माणसानं एकही तालीम चुकवली नव्हती, आणि दुसरा राजा बघायचा म्हणजे काय हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

तेवढ्यात ओवी उठली. ओवी आठ वर्षांची, यंदाची धाकटी राजकन्या. ती कॅलेंडरपाशी गेली आणि लाल स्केचपेननं पहिला नियम खोडून टाकला. "यंदा राजा मरणार नाही," म्हणाली. "बस."

*

राजा जगला आणि गोष्ट मेली!

खरंच सांगते, पंधरा दिवस आम्ही त्याच जागी अडकलो होतो. राजकन्या जंगलात हरवली की कुणीतरी म्हणायचं, "मग नानांना बोलव ना." राजपुत्र लबाड निघाला की, "नाना त्याला सरळ करतील." सई वैतागून म्हणाली, "मावशी, बाबा घरी असले तर प्रॉब्लेमच येत नाही. ते स्कूटर काढतात आणि निघतात." तेव्हा मला कळलं की या गोष्टींत आईबाप आधीच का मारून टाकतात. आमची राणी तशीही बारावीत गेल्यामुळे नव्हतीच, पण एकटा राजाही भारी पडत होता.

नानांनाही ते दिसत होतं. एका रविवारी ते म्हणाले, "मारा रे मला. माझ्यापायी गोष्ट अडलीय." हसत म्हणाले, पण कुणी हसलं नाही. अथर्व खाली बघून बदकाची चोच कुरतडत बसला.

मग ओवी म्हणाली, "राजाची ट्रान्सफर करू या ना."

तिचे बाबा जूनपासून बदली होऊन बालाघाटला आहेत. एक सोडून एका शनिवारी येतात. तिनं हे अगदी सहज सांगितलं, "नाना बालाघाटला जातील. मग आम्हाला सगळं आपलं आपल्याला करावं लागेल. पण ते असतील."

आणि सगळ्या मुलांना ते एका क्षणात पटलं. पटणारच, कुणाचे बाबा सतना, कुणाची आई सागर. मी दोन मिनिटं पेटीत तोंड घालून बसले. राजे-महाराजांच्या गोष्टी लिहिणाऱ्या मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नाही ते आमच्या ओवीला सुचलं, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणते.

*

मग सिंहासन स्टेजच्या खाली, पहिल्या रांगेसमोर मांडायचं ठरलं, म्हणजे पायऱ्या नकोत. बदक ऑर्डर घेऊन येणार, राजा ती वाचणार, बॅग उचलणार आणि चार पावलं चालून पहिल्या रांगेत माईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. ती खुर्ची म्हणजे बालाघाट.

पहिल्याच तालमीला नानांनी ऑर्डर वाचली आणि सवयीनं छातीवर हात ठेवून डोळे फिरवले. सगळी पोरं किंचाळली. माई भरल्या डोळ्यांनी धावत आल्या. "सवय गं, सवय," नाना म्हणत राहिले. पुढचे दोन दिवस त्यांना घरी चहात साखर मिळाली नाही.

प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. बदकानं ऑर्डर दिली. नानांनी खणखणीत आवाजात वाचली, "राजेसाहेबांची बदली बालाघाट येथे तत्काळ करण्यात येत आहे." हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त लोक सरकारी नोकरीतले. मग मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, "अॅप्लिकेशन द्या साहेब, मेडिकल ग्राउंडवर."

*

आणि हा शेवटचा.

नाटक छान चाललं. नाना बालाघाटात बसून प्रत्येक वाक्याला ओठ हलवत होते. बहिणींनी एकमेकींना वाचवलं, आटलेल्या तलावाला पाणी आलं, सगळे शेवटच्या गाण्यासाठी रांगेत उभे राहिले. मी पेटीवर सुरुवात वाजवली. पहिली ओळ ओवीची होती. ती गायली नाही. मी पुन्हा वाजवली. ओवी स्टेजच्या कडेला येऊन खाली बघत उभी राहिली.

"राजेसाहेब," ती म्हणाली, "तुमची बदली कॅन्सल झाली."

हे कुठंही लिहिलेलं नव्हतं.

नाना उठले. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं. माईंनी त्यांच्या कुडत्याचं टोक घट्ट धरलं होतं. मग ओवी पायऱ्या उतरली. तिच्यामागून सई झगा दोन्ही हातांनी उचलून उतरली, मग बदक, मग तो लबाड राजपुत्र, मग शिपाई आणि अख्खी प्रजा. स्टेज रिकामं झालं आणि सगळं राज्य पहिल्या रांगेपाशी, नानांभोवती येऊन उभं राहिलं.

अकरा वर्षं राजा झालेला हा माणूस, पण शेवटच्या गाण्यापर्यंत कधी जगलाच नव्हता. ते गोंधळून ओवीच्या कानाशी वाकले आणि हळूच काहीतरी विचारलं. तिच्या गळ्यापाशी माइक लावलेला होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"पुढं काय करायचं असतं गं?"

ओवीनं त्यांचा हात धरला. "काही नाही, नाना," ती म्हणाली, "आता फक्त सुखानं राहायचं."