कनातीआडचे दोन गोल

परवा सकाळी घरासमोरच्या मैदानात मंडपवाल्याचा टेम्पो आला आणि पोरांनी कनातींच्या गुंडाळ्या धपाधप खाली टाकल्या. गॅलरीत बसल्या बसल्या तो वास माझ्यापर्यंत पोचला. जाड कापडाचा, धुळीचा, मागे कधीतरी भिजून नीट न वाळल्याचा कुबट वास. त्या दिवशी मैदानावर मुलींचे फुटबॉलचे सामने होते. पिवळ्या-निळ्या जर्सी घातलेल्या पोरी केव्हाच्या पळत होत्या. माझं डोकं एकदम फिरलं. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता जिना उतरले आणि मंडपवाल्याला विचारलं, या पोरींना झाकायला तुला कोणी सांगितलं? तो बिचारा गुंडाळी खाली ठेवून म्हणाला, "झाकाले नाई आजी, उनासाठी बांधून राह्यलो. एकाच बाजूनं आहे." खरंच एकाच बाजूला होती. मी परत वर आले, पण राग काही माझ्याबरोबर जिना चढून शांत झाला नाही. साठ वर्षं होऊन गेलेला राग आहे तो, असा एका पायरीवर थोडाच बसणार.

तेव्हा आम्ही सोळा-सतरा वर्षांच्या होतो. अमरावतीत मुलींसाठी व्यायामाचा एक वर्ग निघाला होता. लेझीम, खो-खो, लाठी हे सगळं होतंच, पण आमच्या ड्रिलच्या बाईंनी कुठूनसा एक चामड्याचा फुटबॉल मिळवला आणि सहा महिने आम्हाला तो खेळ शिकवला. बाई तरुणपणीच विधवा झालेल्या, नोकरी वर्षावर्षाच्या करारावरची, पण शिट्टी फुंकल्यावर त्यांच्यापुढे कोणाची टाप नव्हती. त्या वर्गात माझ्याच वयाची ती होती. बडनेऱ्याच्या बाजूला कापसाच्या एका जिनिंगमध्ये तिचे वडील कामाला होते. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारल्याला तीन-चार वर्षं झाली असतील. जिनच्या आवारात पडलेल्या कचऱ्याच्या रुईचा, जुन्या लुगड्यात आवळून शिवलेला चेंडू ती लहानपणापासून भावांबरोबर अनवाणी खेळत आलेली. रुईचा चेंडू उसळत नाही. जेवढा जोर लावाल तेवढाच तो जातो. त्यामुळे हवा भरलेला खरा फुटबॉल तिच्या पायाशी आला तेव्हा तो काय सुटायचा, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, कारण मी गोलकीपर होते. संध्याकाळी घरी गेल्यावर माझे तळहात चुरचुरत असायचे आणि आई त्यांना तेल लावता लावता मला आणि बाईंना एकत्रच बोल लावायची.

वर्गाच्या शेवटी अकोल्याला एका संमेलनात आमच्यातच दोन संघ पाडून सामना दाखवायचा ठरला. सर्वांत चांगली खेळेल तिला संमेलनाच्या समितीचं प्रशस्तिपत्र मिळणार होतं, आणि त्या पत्रावर मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नेमणूक. म्हणजे खेळायचं आणि त्याचाच पगार घ्यायचा. आमच्यापैकी बाकीच्यांना ती गंमत वाटत होती. तिला ती गंमत नव्हती. जिनमध्ये सरकी वेचायला जायचं की शिट्टी गळ्यात घालून मैदानात उभं राहायचं, एवढं सरळ होतं ते.

अकोल्याला पोचलो तर मैदानाला चारही बाजूंनी कनात. सलवारी घालून पळणाऱ्या वयात आलेल्या मुली पुरुषांनी बघू नयेत, असा समितीतल्या थोरांनी ठराव केला होता. आत फक्त बायका. पण ज्या बायकांनी यावं त्यांच्या घरच्यांनी त्यांना पाठवलंच नाही, त्यामुळे आत होतो आम्ही, बाई आणि कोपऱ्यात माठ भरणारी एक म्हातारी. आणि बाहेर, कनातीला पाठ लावून, खुर्च्यांवर समितीतले सगळे पुरुष. मला आजही या गोष्टीचा संताप येतो. ज्यांनी न बघण्याचा ठराव केला, निकाल द्यायचा अधिकार मात्र त्यांनी स्वतःकडेच ठेवला होता.

तिने दोन गोल केले, दोन्ही माझ्यावर. पहिला माझ्या डाव्या हाताला, जमिनीलगत. दुसरा लांबून, उजव्या कोपऱ्यात. माझी बोटं चेंडूला लागली आणि तरीही तो गेला.

सामना संपल्यावर कनात वर करून समितीचे अध्यक्ष आत आले. त्यांची पुतणी तिच्याच संघात होती, गोरीगोमटी, सामनाभर एका जागी उभी राहिलेली. "बाई, गोल कोनाचे?" त्यांनी विचारलं. बाईंनी तिच्याकडे हात केला. अध्यक्षांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, राहता कुठं ते विचारलं. मग म्हणाले, "दोनी हिचेच?" आणि माझ्याकडे वळले. "पोरी, तू त समोरच होती. कोनी मारले?" त्यांच्या मागे, मला सोबत म्हणून आलेले माझे वडील उभे होते. माझ्या ताईचं लग्न अध्यक्षांच्या भावकीत जुळत आलं होतं. वडील नुसतं माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणाले, "गोलासमोर गर्दी होती. मले नीट दिसलं नाई."

बाईंनी हात खाली घेतला. प्रशस्तिपत्रावर पुतणीचं नाव पडलं, आणि तिला तर नोकरी करायचीही नव्हती. चौकटीत बसवून ते दिवाणखान्यात लागलं असेल.

परतीच्या पॅसेंजरमध्ये ती माझ्यासमोर बसली होती. रडली नाही, भांडली नाही. मूर्तिजापूर गेल्यावर एवढंच म्हणाली, "तुले दिसलं नाई, मंग दोनी खेपी उडी बरोबर चेंडूच्याच कोपऱ्यात कशी टाकली तू?" ताईचं लग्न झालं, थाटात झालं, आणि मी त्यात मिरवलेसुद्धा.

तिची कारकीर्द केवढी? सहा महिन्यांचा वर्ग आणि कनातीआडचा एक सामना. पुढे काही वर्षं तिने जिनमध्ये काढली, काम करता करताच शिकली, आणि अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या वाटेवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. सत्तर साल उजाडायच्या जरा आधी मूर्तिजापूरच्या फलाटावर ती मला दिसली. काखेला कापडी पिशवी आणि पिशवीत फुटबॉल. कोणाला न विचारता शाळेतल्या पोरींना खेळवते म्हणाली. इतकी वर्षं दडवलेलं मी बोलून टाकलं, "मले दिसलं होतं. दोन्ही तुझेच." वाटलं, ती हात धरेल, जाऊ दे म्हणेल. तिने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मले कावून सांगून राह्यली? मले माहीतच आहे. ज्यायले माहीत नाई त्यायले सांग ना." छोटी गाडी लागली होती. ती वळूनही न पाहता चढली.

त्यानंतर भेट नाही. अध्यक्ष गेले, वडील गेले, बाईही गेल्या. आज समोरच्या मैदानावर एकेका पोरीचा गोल दहा मोबाइलमध्ये टिपला जातो, आणि ते बघून मला आनंद होतो असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. उरलेल्या अर्ध्यात मी धुमसते, त्या थोरांवर आणि त्यांच्याहून जास्त स्वतःवर. कनातीबाहेरच्यांना काही दिसलं नव्हतं, हे निदान खरं होतं. आत उभं राहून खोटं बोलणारी मी एकटीच. ज्यांना सांगायचं ते सगळे आता मातीत आहेत. म्हणून तुम्हाला सांगते. एक डाव्या हाताला, जमिनीलगत. एक लांबून, उजव्या कोपऱ्यात. दोन्ही तिचेच होते. मी समोर होते, मला दिसलं होतं.