ते आले की जेवेन

त्याने उभी हयात हात वर करून काढली. भिंतीला गिलावा कुणीही करतो. छताला करायचा तर थापीवरून सुटलेला माल थेट डोळ्यांत येतो. त्याचं छत कधी सुटलं नाही, म्हणून सगळे त्याला छतवाला म्हणत. बायको म्हणायची, छत आरशासारखं आणि सदऱ्याची बटणं वरखाली.

वाचन तिचं. संध्याकाळी तो खांदे शेकत बसे आणि ती हिब्रू शास्त्रातलं मोठ्याने वाचे. देवाने अब्राहामाशी करार केला ती गोष्ट त्याला फार आवडे. कापलेली जनावरं समोरासमोर मांडायची आणि करार करणाऱ्यांनी मधून चालायचं. शब्द मोडला तर माझंही असंच होवो, असा त्याचा अर्थ. पण अब्राहामाला गाढ झोप लागली आणि मधून गेला तो फक्त धूर आणि जळती मशाल. म्हणजे देव एकटाच चालला. हा कसला करार, असं त्याने विचारलं होतं. माणसाच्या भरवशावर ठेवला असता तर दुसऱ्याच दिवशी मोडला असता, असं ती म्हणाली. त्यावर त्यानेही तिला शब्द दिला, की काही झालं तरी तुला या घरातून हलवणार नाही.

मग म्हातारपणी तिची आठवण झिजत गेली. आधी नावं गेली, मग माणसं, शेवटी तो. नवरा मात्र गेला नाही. तो कामावर आहे आणि येईलच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जन्मभर ती त्याच्याआधी जेवली नव्हती, आताही जेवेना. वाटी पुढे केली की तोंड फिरवी. "भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेता? ते आले की जेवेन."

नवऱ्याला भाऊ. तो ऐकून घेई.

तिची हाडं दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, आता दवाखान्यात आणून नळीने भरवावं लागेल. मुलगीही तेच म्हणाली. त्याने एक दिवस मागून घेतला.

त्या संध्याकाळी त्याने ट्रंकेतले कामाचे कपडे काढले, हातांना सिमेंट फासलं, जिना उतरला आणि पुन्हा चढला. उंबऱ्यावर पूर्वीसारखे बूट आपटले. आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. मग तिने त्याचे पांढरे केस पाहिले.

"मामंजी, तुम्ही?" तिने पदर सारखा केला. "ह्यांना आज उशीर झाला. तुम्ही तरी बसा."

तिने स्वतःची वाटी त्याच्यापुढे सरकवली. नको म्हटलं तर तिला अपमान वाटला असता. तिच्या देखत त्याने तिचं जेवण संपवलं. शेवटच्या घासापर्यंत. अब्राहाम झोपला होता म्हणून सुटला, असं त्याच्या मनात आलं. इथे ती एकटी शब्द पाळत चालली होती आणि तो टक्क जागा राहून बघत होता. ज्या देवाने एकट्याने निभावलं त्यानेच आता सांगावं, हिला कुणी थांबवायचं?

त्याने मुलीला गाडी बोलवायला सांगितलं.

सकाळी गाडी आली तेव्हा तिने दाराची चौकट धरून ठेवली. ते येतील आणि दाराला कुलूप बघतील, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मुलीने हात टेकले आणि बापाकडे पाहिलं. तो सोबत जायला सदरा घालून तयार होता.

"मी थांबतो इथे," तो म्हणाला. "आले की पाठवून देतो."

"नक्की, भाऊ?"

"नक्की."

तिने चौकट सोडली. मुलीचा हात धरून जिना उतरू लागली. वळणावर थांबून वर पाहिलं आणि म्हणाली, "त्यांना आधी जेवायला घाला. दमून येतील."

त्याने मान हलवली. गाडीचं दार लागल्याचा आवाज वरपर्यंत आला.